गोल्डफिशची पहिली टाकी: मासे सगळ्यात शेवटी आणा

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी तिसरीत आहे, तिला वाढदिवसाला गोल्डफिश हवेत. दुकानात काचेचा गोल बाऊल, रंगीत खडे आणि चार मासे असा सेट दाखवला आणि आठवड्याला सगळं पाणी बदललं की झालं, असं सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे हवेत. पाणी महापालिकेचं, सोसायटीच्या टाकीतून येणारं. गणपतीत आठवडाभर सगळे रत्नागिरीला जातात. वाढदिवस तीन आठवड्यांवर आहे, तर काय घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, वाढदिवसाला टाकी द्या. मासे त्यानंतर, टाकी तयार झाल्यावर. मुलीला हे पटवणं अवघड जाईल हे मला कळतं, पण गोल्डफिश घरात टिकणार की आठवड्यात मरणार, हे बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर ठरतं. तेवढं धरून ठेवलंत तर बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे.

आधी बाऊलचं. गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचाच भाऊबंद. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून निवडून निवडून तो रंगीत केला गेला. दुकानात दोन इंचांचं पिल्लू दिसतं म्हणून तो छोटा मासा वाटतो. ओरांडा, रुकिन, ब्लॅक मूर या गोल अंगाच्या जाती सहा ते आठ इंच होतात. कॉमेट, शुबंकिन आणि साधा लांबट गोल्डफिश फूटभर होऊ शकतो. तो खरं तर बागेतल्या हौदातला मासा. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाही तो घरात असायला हवा. आठ-दहा लिटरच्या बाऊलमध्ये तो वाढत नाही, खुरटतो आणि लवकर मरतो. ‘बाऊलएवढाच राहतो’ असं कुणी सांगितलं तर तो खुरटल्यामुळे तेवढा राहतो, हे लक्षात घ्या.

आता मुख्य मुद्दा. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं भराभर आतड्यातून पुढे जातं, म्हणून तो दिवसभर खात राहतो आणि दिवसभर घाण करतो. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया जिवाणू संपवतात: एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात चालतं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर ते वाढून पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून नव्या टाकीतल्या माशांची गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते. पहिले दोन दिवस मजेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी किंचित धुरकट होतं. मग मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागतो, शेपटी आणि पर अंगाशी मिटून घेतो, कल्ल्यांच्या कडा लालबुंद दिसतात. घरचे घाबरून सगळं पाणी ओततात, खडे नळाखाली खसखसून धुतात, नवं पाणी भरतात. त्यात जे काही जिवाणू धरू लागले होते तेही जातात, आणि चक्र पहिल्यापासून सुरू. दुकानदाराने सांगितलेली ‘आठवड्याला सगळं पाणी बदला’ ही पद्धत म्हणजे दर आठवड्याला नवी टाकी. खाणं कमी पडलं किंवा कुणाची दृष्ट लागली, असं काही नसतं. मासा अमोनियाने गुदमरलेला असतो.

टाकीचं माप. इंचात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. गोल अंगाच्या पहिल्या गोल्डफिशला साधारण ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर असा हिशोब मी धरतो. तुम्हाला दोन मासे पुरे आहेत. त्यासाठी ३६ × १५ × १८ इंचांची टाकी घ्या. काठोकाठ भरली तर १५९ लिटर, वर दोन इंच मोकळी ठेवली आणि काचेची जाडी वजा केली की १३० च्या आसपास पाणी. दुकानात तयार मिळणारी २ × १ × १ फुटांची टाकी ५७ लिटरची. ती दोन माशांना वर्षभरातच अपुरी पडते आणि मग दोनदा खर्च होतो. काच ८ मिलिमीटरची सांगा. उंच आणि अरुंद टाकी दिवाणखान्यात छान दिसते, पण माशाला पोहायला लांबी लागते आणि पाण्यात प्राणवायू मिसळायला वरचा पृष्ठभाग मोठा लागतो. तेव्हा उंचीत काटछाट करा, रुंदीत नको.

सासूबाईंच्या नऊ माशांचं. त्यांची श्रद्धा आहे, तिचा मान ठेवूनच सांगतो. त्याच हिशोबाने नऊ माशांना जवळजवळ ४०० लिटर पाणी लागेल, म्हणजे पाच-साडेपाच फूट लांबीची टाकी. शिवाय काळा मासा म्हणून जो ब्लॅक मूर आणतात, त्याचे डोळे बाहेर आलेले असतात आणि नजर अधू असते. चपळ माशांच्या गर्दीत तो खाण्यापर्यंत पोचत नाही आणि उपाशी राहतो. नवाच्या गर्दीत एकेक करून मासे मरत राहिले तर त्यांच्याच मनाला लागेल. एक लाल-सोनेरी ओरांडा आणि एक ब्लॅक मूर अशी जोडी ठेवा; दोघंही संथ, दोघांचं जमतं, आणि घरात सोनेरीही आला, काळाही आला. हे त्यांना नीट सांगितलंत तर त्या ऐकतील असं मला वाटतं.

जागा. पाणी १३० किलो, काच तीसेक किलो, वर स्टँड आणि वाळू: सगळं मिळून दोनशे किलोंच्या घरात जातं. आरसीसी इमारतीत भिंतीला लागून, शक्यतो तुळईच्या रेषेत ठेवली तर अडचण येत नाही. बाल्कनीत नको. हे वाचणारं कुणी पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असेल, तर लाकडी तुळयांच्या वरच्या मजल्यावर एवढी टाकी ठेवू नका, तळमजल्यावरच ठेवा. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा करून घ्या, त्यावर जाड प्लाय आणि प्लायवर थर्माकोलची शीट. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापाने कापून मिळतो. पाणी भरण्याआधी लेव्हल बघा, आणि एक-दोन इंच पाणी भरून पुन्हा बघा. एका बाजूला पाणी वर दिसलं तर तेव्हाच रिकामी करून स्टँडखाली पाचर घाला. भरल्यावर ते होत नाही. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टाकीवर येऊ देऊ नका, काच हिरवी होते आणि पाणी तापतं.

फिल्टरवर पैसे वाचवू नका, हवं तर सजावटीवर वाचवा. गोल्डफिशसाठी तासाला टाकीच्या आठपट तरी पाणी फिरायला हवं, म्हणजे तुम्हाला तासाला हजार लिटरचा फिल्टर. पॉवर फिल्टर किंवा टॉप फिल्टर, दोन्ही चालतील. त्याच्या जोडीला एअर पंपावर चालणारा एक मोठा स्पंज फिल्टर लावाच. हा स्वस्त आणि साधा, पण जिवाणूंचं हक्काचं घर. शिवाय एअर पंपाला वीज जेमतेम चार-पाच वॅट लागते, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर बराच वेळ चालतो. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली तर हाच मासे वाचवतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, तो आणून ठेवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलटझडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात लहान मूल आहे, म्हणून हे आवर्जून.

तळाला रंगीत खडे नकोत. गोल्डफिश तळ उकरतो, खडा तोंडात घेतो आणि वाटाण्याएवढा खडा घशात अडकतो. बारीक धुतलेली वाळू अर्धा-पाऊण इंच पसरा, किंवा तळ उघडाच ठेवा. साफ करायला तो सर्वात सोपा. झाडं हवीत तर ॲनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधून ठेवा, इतर मऊ झाडं तो खाऊन टाकतो. दिवा सहा-सात तास. हीटर लागत नाही.

आता पुण्याच्या पाण्याचं, कारण पुस्तकात वाचून हे कळत नाही. तुमच्याकडे येणारं पाणी खडकवासल्याचं, शुद्धीकरण होऊन क्लोरीन घातलेलं. धरणाचं पाणी तुलनेने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. क्लोरीन माणसाला चालतो, माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणू मारतो. म्हणून टाकीत जाणारं प्रत्येक बादलीभर पाणी आधी क्लोरीनमुक्त करायचं: एकतर अँटिक्लोरीनचे थेंब, किंवा बादली-पिंप उघडं ठेवून त्यात चोवीस तास एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाला जोडायचा बुडबुडे सोडणारा दगड. मी दोन्ही करायला सांगतो. कारण सोसायटीत वरच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकली जाते आणि कधी, किती टाकली हे आपल्याला कळत नाही. वॉचमनकाकांना सांगून ठेवा की टाकी धुतली किंवा पावडर टाकली की निरोप द्या. त्यानंतर दोन-तीन दिवस पाणी बदलू नका.

पालिका देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवते, तेव्हा शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने आणि पुष्कळदा गढूळ येतं. म्हणून पाणी बदलायचा वार मंगळवार किंवा बुधवार धरा. पावसाळ्यात, विशेषतः जुलैत, नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा थेंबांचं प्रमाण बाटलीवरच्या सूचनेत बसेल एवढं वाढवा. वाघोली, उंड्री, बाणेर भागांतल्या ज्या सोसायट्या बोअर किंवा टँकरवर आहेत त्यांचं पाणी जड असतं. गोल्डफिशला जड पाणी उलट मानवतं, पण टँकर प्रत्येक वेळी वेगळ्या विहिरीचा असू शकतो, त्यामुळे तिथे एकदम खूप पाणी बदलू नका. तुमचं मऊ पाणी मात्र काही महिन्यांत आम्ल होत जातं. फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवला की पीएच धरून राहतो.

टाकी तयार करण्याचं काम असं. टाकी भरा, क्लोरीन घालवा, दोन्ही फिल्टर सुरू करा आणि ते रात्रंदिवस चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून बंद करू नका, प्रवाहाविना जिवाणू काही तासांत मरायला लागतात. जिवाणूंना खायला अमोनिया लागतो आणि मासा तर नाही, म्हणून तो आपण घालायचा. प्रयोगशाळेच्या दर्जाचा अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर, रसायनं विकणाऱ्या दुकानातून घ्या. किराण्यातला कल्हईचा नवसागर घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १० ग्रॅम मोजा, १ लिटर पाण्यात विरघळवा, बाटलीवर नाव लिहा आणि मुलीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्यातलं ८० मिलिलिटर टाकीत घातलं की १३० लिटरला साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, अमोनिया होतो.

सोबत थेंबांचं टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. परीक्षानळीत ५ मिलिलिटर टाकीचं पाणी, किटवर लिहिलेत तेवढे थेंब, पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो, असेल तर हिरवा होत जातो. हे काम मुलीकडे द्या. तिने रोज संध्याकाळी नळी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग जुळवावा आणि वहीत तारीख घालून लिहावं. पहिला आठवडाभर आकडा हलत नाही आणि सगळे कंटाळतात. मग एक दिवस हिरवा फिका पडतो आणि नायट्राइट चढू लागतं. नायट्राइट चढलेलं असताना रोज अमोनिया ओतू नका, दोन-तीन दिवसांआड अर्धाच घाला. शेवटी ८० मिलिलिटर घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य येईल. हे लागोपाठ दोनदा झालं की टाकी तयार. त्या दिवशी तीन चतुर्थांश पाणी बदला म्हणजे साठलेलं नायट्रेट जाईल, आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा.

हा काळ कमी करायचा एक खात्रीचा मार्ग आहे. ओळखीत कुणाकडे वर्षभर जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, आणि तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये घाला. विरजण लावल्यासारखं काम होतं. दोन आठवड्यांतही टाकी तयार होते. त्यामुळे तुमचा वाढदिवस साधण्याची शक्यता आहे. पण चाचणी शून्य आल्याशिवाय तारखेपायी मासे आणू नका. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यांचा गुण दुकानात बाटली किती दिवस, किती उष्णतेत पडून होती यावर अवलंबून असतो, म्हणून मी त्यांच्या भरवशावर राहत नाही.

मासे निवडताना दुकानात दहा मिनिटं नुसते उभे राहा. पर उघडे, पोहणं सरळ, खाणं टाकलं की झेपावणारा असा मासा घ्या. ज्या टाकीत एकही मेलेला किंवा पांढरे ठिपके असलेला मासा दिसला, त्या टाकीतला कोणताच घेऊ नका, कितीही सुंदर असो. आपल्याकडे येणारे बरेच मासे कोलकाता किंवा चेन्नईकडून पिशवीत बंद होऊन लांबचा प्रवास करून येतात, म्हणून दुकानात आल्या-आल्या न घेता आठवडाभर तिथे टिकलेले मागा. घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग जाळीने किंवा ओल्या हाताने मासा टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

दुकानदार सोबत ‘काच साफ करणारा’ सकर मासा देऊ करेल. नको. तो फूटभर वाढतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खरवडतो. मोठा झाल्यावर लोक तो नदीत सोडतात. उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यांत आज हाच परका मासा सापडतो आणि जाळी फाडतो. याच कारणाने, कधी गोल्डफिश नकोसे झाले तरी ते मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका. दुकानात किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

खाणं: बुडणाऱ्या बारीक गोळ्या, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढ्याच. तरंगणारं खाणं घेताना मासा हवा गिळतो आणि गोल अंगाच्या जाती मग उलट्या तरंगायला लागतात. आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला मटार किंवा पालकाचं पान द्या. पोळी, शेव, कुरमुरे नाहीत. मुलीला रोजच्या दोन वेळांच्या गोळ्या छोट्या डबीत मोजून काढून द्या, कारण प्रत्येक जण ‘तो मागतोय’ म्हणून टाकत राहतो आणि तो तर कायमच मागतो.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. सायफनच्या नळीने तळाची घाण ओढून घ्या. ते पाणी कुंड्यांना घाला, झाडं तरारतात. नवं पाणी हाताला टाकीएवढंच गार लागलं पाहिजे. स्पंज महिन्यातून एकदा, बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली नाही. नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जात असेल तर पाणी जास्त बदला.

थंडीची काळजी करू नका, पुण्याची थंडी त्याला आवडते. एप्रिल-मे मात्र कठीण. त्याला १८ ते २४ अंश बरं वाटतं आणि आपल्या खोल्या तेव्हा तिशीच्या पुढे जातात. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात, आणि पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर असल्याने त्याहूनही थोडा कमी. त्या दिवसांत झाकण काढून जाळी ठेवा आणि टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आटलेलं पाणी क्लोरीन काढूनच भरा. बर्फाच्या बाटलीचा उपयोग थोडा: लिटरभर बर्फाने १३० लिटर पाणी अंशभरही उतरत नाही. उन्हाळ्यात खाणं एका वेळेवर आणा.

मासा मलूल दिसला तर औषधाआधी टेस्ट किट काढा. दहांत आठ वेळा अमोनिया किंवा नायट्राइट निघतं, आणि निम्मं पाणी बदलणं हाच उपाय असतो. अंगावर मिठाचे दाणे सांडल्यासारखे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट नावाचा रोग. साधं, आयोडीन नसलेलं खडे मीठ लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करून दोन दिवसांत ३ ग्रॅमपर्यंत न्या आणि दोन आठवडे ठेवा. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत घालू नका, ते फिल्टरचे जिवाणूही मारतं. हवंच तर वेगळ्या टबात.

राहिली रत्नागिरी. चांगला पोसलेला मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला, फिल्टर आणि एअर पंप इन्व्हर्टरवर आहेत ना ते पाहा, दिवा बंद करा आणि खाण्याचा डबा कपाटात ठेवा. सुट्टीसाठी मिळणारा पांढरा विरघळणारा ठोकळा टाकू नका, त्याने पाणी नासतं. शेजारच्या काकूंना किल्ली दिलीत तर खाऊ घाला असं सांगू नका. दिवसातून एकदा डोकावून बुडबुडे चालू आहेत का तेवढं बघा आणि बंद दिसले तर फोन करा, एवढंच सांगा. मात्र त्या वेळी मासे येऊन दोन महिनेही झाले नसतील आणि ते अजून पिल्लंच असतील, तर तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या गोळ्या दोन वेगळ्या पुड्यांत बांधून, वर वार लिहून काकूंकडे द्या.